सरजाबाईचा रंग

मुदखेड तालुक्यात माणूस मेला की गोरा होतो. ही चेष्टा नाही, माझा रोजचा धंदा आहे. स्टेशन रोडला माझं फ्रेमचं दुकान आहे आणि गेलेल्या माणसांना काच-चौकट घालणं हे माझं काम. जिवंतपणी ज्याला अख्खं गाव कोळशा म्हणत होतं, तो तेरवीला हारामागून गुलाबी गालांनी बघत असतो. काही घरांच्या बैठकीत आजा, आजी, चुलता आणि थोरली सून असे ओळीनं टांगलेले असतात आणि चौघंही एका आईच्या पोटचे वाटतात. ते एका आईचे नसले तरी एका बाटलीतले नक्की असतात. ती बाटली माझ्या शेजारच्या दुकानात, महेबूबभाईच्या टेबलावर असते.

महेबूबभाई फोटोंना रंग देतो. लोक ओळखपत्रावरचा, पासबुकावरचा, कुठल्या तरी लग्नाच्या गर्दीतला नखाएवढा चेहरा घेऊन येतात. तो त्याचा मोठा काळापांढरा फोटो छापून घेतो आणि त्यावर तेलरंगाचे पातळ हात देत बसतो. तरुणपणी नांदेडला एका उस्तादाच्या हाताखाली त्यानं सिनेमाचे बोर्ड रंगवले. पुढं बोर्डही गेले आणि उस्तादही गेले. मग हा गडी मुदखेडला परत आला आणि मेलेल्या माणसांकडं वळला. मोहल्ल्यातल्या एखाद्या बुजुर्गानं 'तसबिरी कशाला करतोस' म्हणून टोकलं तर हात जोडून म्हणतो, "तोंड वरच्यानं बनवलं, फोटो मशीननं काढला. मी मधल्यामधी नुसता रंगारी हाय."

हल्ली मोबाइलवर बोट ठेवलं की काळापांढरा फोटो रंगीत होतो. त्यामुळं त्याची गिऱ्हाइकी बरीच आटली, हे खरं. पण जे येतात ते बसायला येतात. महेबूबभाई चहा सांगतो आणि गेलेलं माणूस कसं बोलायचं, काय आवडीनं खायचं, कुणावर चिडायचं, हे सगळं विचारून घेतो. या विचारपुशीचा रंगाशी काडीचा संबंध नसतो. रंग ठरलेलाच. पांढरा भरपूर, त्यात शेंदरी थोडा, पिवळा थोडा, असा घोटलेला मसाला बाटलीत तयार असतो. मी त्याला पुष्कळदा चिडवलं, "महेबूबभाई, तुझी इचारपूस म्हंजे न्हाव्यानं टकल्याला भांग कुठं पाडू म्हणून इचारल्यावानी हाय."

तो हसायचा. "लोकायला जे पाहिजे ते. 'जरा उजळ करा', ह्याच्याबिगर दुसरं वाक्य कुणी बोललं का आजवर?"

खरंच कुणी बोललं नव्हतं.

त्याला रंगातलं कळत नव्हतं असं मात्र नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो मला शिकवायचा, मला शिकायचं असो वा नसो. लाल, पिवळा, निळा हे तीन रंग कुणापासून होत नाहीत. बाकी सगळी त्यांची लेकरं. लाल-पिवळ्याचा केशरी, पिवळ्या-निळ्याचा हिरवा, निळ्या-लालाचा जांभळा. आता हिरव्याच्या जन्मात लालाचा हात नाही, म्हणून लाल हा हिरव्याचा वैरी. तसाच निळा केशरीचा आणि पिवळा जांभळ्याचा. वैरी शेजारीशेजारी बसवले तर दोघंही पेटून दिसतात, पण एका वाटीत कालवले तर दोघंही मरतात आणि उरतो चिखल. हे ऐकून मला आमच्या ग्रामपंचायतीची आठवण झाली, पण बोललो नाही. फोटो आणि चौकट यांच्यामध्ये जो जाड पुठ्ठा घालतात, त्याचा रंग मी तेव्हापासून या हिशेबानं निवडायला लागलो आणि माझी कामं खरंच बरी दिसायला लागली. म्हणून सांगतो, माणूस जाणता होता. फक्त त्या जाणतेपणाची चेहऱ्यासाठी कधी गरज पडली नव्हती. चेहऱ्याला बाटली होती.

यंदा होळीच्या आधी त्याच्याकडं एक बहीण-भाऊ आले. भाऊ आनंदराज, जवळच्याच खेड्यात स्वतःच्या शेतात हळद आणि कापूस करतो. बहीण शिल्पा, त्याच्याहून बरीच लहान, नांदेडला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायच्या नोकरीला. दोघं सावळे. घरावर नवा स्लॅब टाकला होता, पाडव्याच्या आगेमागे वास्तुशांत होती आणि बैठकीत आईचा फोटो लावायचा होता. आईचं नाव सरजाबाई. ती जाऊन वीस-बावीस वर्षं झाली असतील. तिचा एकुलता एक फोटो म्हणजे मतदानाचं जुनं कार्ड. काळापांढरा, पुसट, पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"चाचा, जरा उजळ करा," आनंदराज म्हणाला.

महेबूबभाईनं सवयीनं मान हलवली आणि चहा सांगायला पोराला हाक मारणार, तेवढ्यात शिल्पा म्हणाली, "न्हाई. आई जशी होती तशीच करा."

मी त्या वेळी पुठ्ठ्याचे नमुने द्यायला तिथंच आलो होतो. महेबूबभाईनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या दुकानात असली मागणी पहिल्यांदाच येत होती.

"कशी होती?" त्यानं विचारलं.

"माझ्यावानी. समदे म्हणतात, शिल्पीनं सरजाची कातडी घेतली." तिनं आपला हात टेबलावर ठेवला.

आनंदराज तापला. पण तो आरडाओरडा करणाऱ्यातला नव्हता. आवाज खाली घेऊन बोलायला लागला आणि तेच जास्त लागलं. "चाचा, हिला काय ठावं? ही पोरगी होती तवा. मी माझ्या कानानं ऐकलंय. पंगतीत वाढाया निघाली तर काळी, पाण्याला गेली तर काळी. माझी आजी तिला नावानं हाक मारत नव्हती, 'ए काळे' म्हणायची. जिती होती तवा समद्यायनं ऐकवलं. आता भितीवर तरी कुणी तिला काळी म्हणू नये. माझं एवढंच हाय."

"दादा," शिल्पा म्हणाली, "मला आईचा आवाज आठवत न्हाई. चेहरा आठवत न्हाई. ह्या कारडाकडं बघून मला काईच होत न्हाई, कुणी बी बाई वाटते. तिचं म्हणून माझ्यापाशी हा रंग तेवढा हाय. तो बी तुमी पुसून टाकणार?"

दोघंही खरं बोलत होते. मी कुठल्याही भांडणात पटकन बाजू घेणारा माणूस, पण त्या दिवशी मला बाजू सापडली नाही.

आनंदराजनं आणखी एक मुद्दा काढला आणि तो बिनतोड होता. वडिलांचा, रामलिंगरावांचा फोटो आधीच झाला होता. महेबूबभाईनंच रंगवला, मीच फ्रेम घातली, अर्थात बाटलीतला गोरापान. "त्यायच्या शेजारी आई सावळी लावली तर दुप्पट काळी दिसन. दिसन का न्हाई, सांगा."

"दिसन," महेबूबभाई म्हणाला. "गोऱ्याशेजारी सावळं आणखीन सावळं दिसतं. डोळाच तसा हाय माणसाचा."

शेवटी तोड निघाली ती अशी. सरजाबाईची थोरली बहीण केवळाबाई माहूरकडच्या एका खेड्यात असते. वास्तुशांतीला ती येणारच होती. तोवर महेबूबभाईनं शिल्पाच्या म्हणण्याप्रमाणं फोटो करायचा. केवळामावशीनं बघून 'ही माझी सरजा' म्हटलं तर तोच फोटो भिंतीवर लागेल. तिनं ओळखलं नाही तर आनंदराज म्हणतो तसा उजळ करायचा आणि शिल्पानं पुन्हा तोंड उघडायचं नाही. शिल्पानं कबूल केलं. पण जाताना तिनं महेबूबभाईकडं असं बघितलं की तो दिवसभर अस्वस्थ होता.

काम सुरू झालं आणि आमच्या रंगाऱ्याची पाटी कोरी असल्याचं उघड झालं.

पहिल्या फोटोला त्यानं ट्यूबमधला तपकिरी रंग सरळ पातळ करून लावला. सरजाबाईला कुणीतरी गेरू फासल्यासारखा फोटो झाला. दुसऱ्या वेळी बाटलीतल्या मसाल्यात त्यानं काळा मिसळला. तो चेहरा मला अजून आठवतो. राखाडी, ओठांपर्यंत राखाडी. दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसाचा असतो तसा. महेबूबभाईनं तो उलटा करून ठेवला आणि म्हणाला, "काळा घातला की कातडीतला जीव जातो." तिसऱ्या वेळी काळ्याऐवजी पिवळा वाढवला, तर काविळीची बाई झाली. मी म्हणालो, "गड्या, शिल्पा तपासायचं काम करते, तिच्याकडं पाठवून दे." तो हसला नाही. खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत म्हणाला, "बजरंग, उभी जिंदगी माणसं रंगवली. मला माणसाचा रंग येत न्हाई रे."

मला वाईट वाटलं. चिडवायचा माणूस असा हातपाय गाळून बसला की चिडवण्यात काही राहत नाही.

त्या दुपारी त्यानं बाटलीचं झाकण उघडलं. बहुतेक त्यानं मनात हार मानली होती, कारण चौथा फोटो समोर ठेवलेला होता आणि बाटलीत ब्रश घालायचाच उरला होता. तेवढ्यात जोहराभाभी जेवणाचा डबा घेऊन आल्या. रोज पुतण्या डबा आणतो, त्या दिवशी तो बाहेरगावी होता म्हणून त्या आल्या. जोहराभाभी सावळ्या आहेत. चांगल्या सावळ्या. त्यांनी टेबलावरचे बिघडलेले चेहरे बघितले, काय भानगड आहे ते माझ्याकडून ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडं न बघता माझ्याशी बोलायला लागल्या.

"बजरंगभाऊ, आमच्या घरी भितीवर लग्नाचा फोटो हाय. यायनंच मोठा केला, यायनंच रंगवला. त्याच्यात यायच्या बाजूला एक गोरी बाई उभी हाय. इतकी वर्सं मी तिच्यावरली धूळ पुसून राहिले, पण ती कोण हाय ते आजवर कळलं न्हाई."

मी मोठ्यानं हसलो. त्याही हसल्या. महेबूबभाई हसला नाही.

भाभींनी डबा उघडून पुढं सरकवला. मग त्यांचं हसू ओसरलं आणि त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "मला वाटलं, यायला तसली पाहिजे व्हती आन् मी मिळाले. मंग कशाला बोलायचं."

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठलो असतो तर तेही दिसलं असतं. महेबूबभाई म्हणाला, "तसं न्हाई, जोहरा. अल्ला कसम, तसं न्हाई. हाताची सवय हाय. माझ्या मनात बी आलं न्हाई कवा."

"तेच तर. मनात बी आलं न्हाई." त्यांनी भाकरी काढून दिली. "जेवून घ्या, गार होतंय."

तो जेवला नाही. त्यानं खुर्ची उचलून दाराशी, उजेडात ठेवली आणि भाभींना बसायला सांगितलं. त्या आढेवेढे घेत बसल्या. तो समोर स्टुलावर बसून त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिला. रस्त्यावरचे लोक वाकून बघून जात होते. भाभी अवघडल्या. "आता काय बघता म्हाताऱ्या बाईकडं?"

"बघितलं न्हाई म्हणून तर बघून राहिलो."

मग तो बोलायला लागला, अर्धा माझ्याशी, अर्धा स्वतःशी. कपाळावर पिवळा वरचढ आहे. गालावर आणि कानाच्या पाळीला लाल आहे. हनुवटीखाली, जिथं सावली आहे, तिथं हिरवट आहे. आणि गालाच्या हाडावर जी चकाकी आहे ती पांढरी नाहीच, ती दारातून आलेल्या आभाळाची आहे, निळी. "बजरंग, सावळा हा एक रंग न्हाईच. तिन्ही हायेत त्याच्यात. कुठं एक वर येतो, कुठं दुसरा. मी बाटलीत पांढरा ओतून तिन्ही बुडवत होतो." जोहराभाभींना यातलं किती कळलं कुणास ठाऊक. पण त्या मघासारख्या अवघडून बसल्या नव्हत्या.

त्या दिवसापासून टेबलावर तीनच ट्यूब राहिल्या. तिन्ही कालवले की तपकिरी होतो, हे तो मला कधीपासून शिकवत होता. फक्त त्याला तो चिखल म्हणायचा. आता त्याच चिखलात तो रमला. लाल चिमूटभर वाढवला की तो तापायचा, निळा वाढवला की निवायचा. गडद करायचा तर काळ्याला हात लावायचा नाही, लालाचा वैरी हिरवा कणभर घालायचा. मग गडद होऊनही रंग जिता राहायचा. उजेड दाखवायचा तर पांढऱ्याचा थर द्यायचा नाही, रंगाचा हात पातळ ठेवून खालचा कागद दिसू द्यायचा. बाटलीचं झाकण वाळून घट्ट बसलं.

रविवारी शिल्पा आली. तिला खिडकीजवळ बसवून महेबूबभाईनं तिचा हात टेबलावर ठेवला आणि मला पुठ्ठ्यांचे नमुने आणायला सांगितले. हिरवा पुठ्ठा हाताशेजारी ठेवला तर हात तांबूस दिसला. तांबडा ठेवला तर तोच हात हिरवट, मलूल. पांढरा ठेवला तर एकदम काळा. गर्द निळा ठेवला तर हात असा उजेडात आल्यासारखा झाला की शिल्पाच म्हणाली, "अगं बाई!" हात तोच, खिडकी तीच. मी इतकी वर्षं पुठ्ठे विकतोय, पण शेजारचा रंग माणसाच्या कातडीवर इतकी मोठी सत्ता गाजवतो हे मला पहिल्यांदा दिसलं.

"मंग माझा खरा रंग कोणता?" शिल्पानं विचारलं.

महेबूबभाईनं पुठ्ठे एकावर एक रचले. "एकटा असा रंगच नसतो, बेटा. कुणाच्या तरी शेजारीच असतो."

शिल्पा म्हणाली की लॅबमध्ये लघवी तपासायच्या पट्टीचा रंग ठरलेल्या उजेडातच जुळवायचा असतो, नाहीतर चुकीचा वाचला जातो. मग आम्ही फिकट राखाडी पुठ्ठा निवडला, कारण तो कुणाच्या बाजूनं बोलत नाही. हात राखाडीवर आणि फोटोही राखाडीवर. महेबूबभाई हाताकडं बघून एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, पुढच्या रविवारी दुसरा द्यायचा. मधल्या दिवसांत तो फोटोला हात लावत नव्हता, म्हणायचा, डोळा विसरतो.

आणि चेहरा उगवला. कपाळावर पिवळसर, गालात लाल, पदराच्या कडेला निवलेला. ती बाई आता कुणीही बाई नव्हती. तिला विचारलं असतं तर तिनं गाव सांगितलं असतं. शिल्पानं बघितलं आणि ओढणीचं टोक तोंडाला लावून रडली. "हीच," म्हणाली. महेबूबभाई दिवसभर सगळ्यांना उगीच चहा पाजत होता.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी किनवटकडून येणाऱ्या गाडीनं केवळामावशी उतरली. आनंदराज तिला स्टेशनवरून सरळ दुकानात घेऊन आला. शिल्पा आधीच येऊन बसली होती. मावशी काटक, कमरेत किंचित वाकलेली, डोळे मात्र लख्ख. महेबूबभाईनं फोटो तिच्यासमोर धरला. शिल्पा भिंतीला टेकून उभी राहिली.

मावशीनं पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाली, "नाक सरजाचं. नजर सरजाची. रंग तिचा न्हाई."

शिल्पाचा चेहरा उतरला. आनंदराजनं सुस्कारा सोडला. "मी म्हणलंच व्हतं, चाचा. आई एवढी काळी नव्हती."

"कोण म्हणलं नव्हती?" मावशी त्याच्यावर उखडली. "ह्याच्यापरीस गडद व्हती. पर काळी न्हाई रे, तांबूस. उन्हानं तापलेली. ह्यो रंग ह्या पोरीचा हाय, पंख्याखालचा. सरजाच्या डोक्यावर कवा पंखा फिरला?"

महेबूबभाई खाली बसला. चूक त्याच्या ध्यानात आली होती. आम्ही राखाडी पुठ्ठा शोधला, उजेड शोधला, शेजारी शोधला, आणि शिल्पा दिवसभर सावलीत काम करते हे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. लॅबमधल्या पोरीच्या हातावरून आम्ही शेतातल्या बाईला रंग दिला होता.

मावशीनं आनंदराजचं मनगट धरून ओढलं आणि त्याच्या सदऱ्याची बाही दंडावर सारली. बाही जिथं रोज संपते तिथं त्याच्या हातावर स्पष्ट रेघ होती. रेघेच्या वर एक रंग, खाली दुसरा. मावशीनं वरच्या भागावर बोट ठेवलं. "ही शिल्पी." मग खालच्या भागावर हात फिरवला. "आन् ही सरजा. हळद काढायला हीच, कापूस येचायला हीच. हात बग तुझा. असाच व्हता तिचा."

आनंदराज आपल्या हाताकडं बघत राहिला. त्याला आयुष्यभर सगळ्यांनी बापावर गेला म्हणून सांगितलं होतं, हे मला नंतर शिल्पाकडून कळलं.

"आता ह्याला काय म्हणायचं?" मी न राहवून विचारलं. "मावशीनं ओळखलं का न्हाई ओळखलं?"

"तुमी चौकट बनवा," मावशी मला म्हणाली. "आन् त्या रामलिंगाच्या शेजारी लावू नका तिला. जलमभर त्याच्या शेजारीच व्हती. येगळी भित द्या."

महेबूबभाईनं खुर्ची ओढली. "आनंदराज, बस. हात हितं ठेव."

मला वाटलं, आता हा नाही म्हणणार. करार त्याच्या बाजूनं झाला होता. मावशीनं फोटो नापास केला होता, बाटली मागायचा त्याला पुरता हक्क होता आणि बाहेर पूजेचं सामान आणायला टेंपो उभा होता. तो उभाच राहिला. मग सदऱ्याची बाही नीट गुंडाळून त्यानं हात राखाडी पुठ्ठ्यावर ठेवला आणि खुर्चीवर बसला. शिल्पा त्याच्या मागं येऊन उभी राहिली.

महेबूबभाईनं लाल आणि पिवळा काढला, त्या दोघांना शांत करायला निळ्याचं टोक लावलं आणि फोटोवर पातळ हात द्यायला सुरुवात केली. आधी नाकाचा उंचवटा, मग गाल, मग हनुवटी. प्रत्येक फटकाऱ्यागणिक तो हाताकडं बघत होता. आनंदराज आधी रस्त्याकडं बघत होता. नंतर तोही हाताकडून फोटोकडं आणि फोटोकडून हाताकडं बघायला लागला. सरजाबाई गडद होत चालली होती, तापत चालली होती. मावशी मधूनच मान हलवत होती. मी पुरा वेळ आनंदराजचं तोंड बघत होतो, कारण मला धास्ती होती की आता तो 'पुरे' म्हणेल.

गाल झाले. महेबूबभाईनं तोच तापलेला रंग घेऊन ब्रश कपाळाकडं नेला.

"चाचा, थांबा," आनंदराज म्हणाला.

सगळे थांबले. महेबूबभाईनं ब्रश तसाच हवेत धरला.

"पदराखाली ऊन लावू नका." त्यानं दुसऱ्या हातानं फोटोतल्या पदराची कड दाखवली. "तिथं जराशी सावली ठेवा. लई उन्हात व्हती ती."

महेबूबभाईनं ब्रश धुतला, फडक्याला पुसला आणि निळा रंग घेतला. आनंदराजचा हात टेबलावर तसाच होता.